ढेकूळ भिजायच्या आत

पाळी बंद, बाळंतपण नसताना छातीतून दूध, वर डोकेदुखी. घरच्यांनी करणी समजून लिंबं उतरवली, अंगारा लावला. मग कुणीतरी शहाण्याने लातूरला नाहीतर संभाजीनगरला नेऊन 'मेंदूचा एमआरआय' करून घेतला, तो नॉर्मल आला, आणि करणीवाल्यांचं आणखी फावलं. रिपोर्ट खोटा नव्हता. असा त्रास पीयूषिका ग्रंथीतल्या बारीक गाठीने होऊ शकतो, आणि ही तपासणी दुसऱ्या कामाची होती.

पीयूषिका म्हणजे पिट्युटरी ग्रंथी हरभऱ्याएवढी, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. नाकाच्या मागे, कवटीच्या तळाला हाडात खोगिरासारखा खड्डा आहे, त्यात ती बसते. मेंदूच्या साध्या एमआरआयचे काप साधारण ५ मिलिमीटर जाड असतात. ३-४ मिलिमीटरची गाठ त्यात आजूबाजूच्या भागात मिसळून जाते. म्हणून चिठ्ठीवर 'पिट्युटरी, डायनॅमिक, कॉन्ट्रास्टसह' (कॉन्ट्रास्ट म्हणजे चित्र उजळवणारं, शिरेतून द्यायचं औषध) असं स्पष्ट लिहून घ्यावं. मग फक्त खोगिराच्या भागाचे २ ते ३ मिलिमीटरचे काप घेतात. त्याआधी रक्तातलं प्रोलॅक्टिन (छातीत दूध आणणारं पीयूषिकेचं हार्मोन), थायरॉईड आणि गरोदरपणाची चाचणी हवीच. उलटीवरच्या डोमपेरिडोनच्या गोळीनेही प्रोलॅक्टिन वाढतं, तेव्हा चालू गोळ्यांचं पाकीट सोबत न्यावं.

आता खरी गंमत. नांगरलेल्या रानात पाणी सोडलं की भुसभुशीत माती लगेच भिजते, घट्ट ढेकूळ थोडा वेळ कोरडंच राहतं. त्या क्षणी ढेकूळ उठून दिसतं. तासाभराने या, सगळं सारखंच ओलं. डायनॅमिक एमआरआय म्हणजे ढेकूळ भिजायच्या आत काढलेले फोटो. पाण्याच्या जागी गॅडोलिनियमचं औषध. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना जी घट्ट वीण असते, ती पीयूषिकेत नसते, त्यामुळे औषध झपाट्याने आत झिरपतं. आधी ग्रंथीचा देठ आणि मागचा भाग उजळतो, मग पुढचा भाग मधून कडेकडे. गाठीत औषध उशिरा पोचतं, म्हणून पहिल्या एक-दोन मिनिटांत ती काळसर ठिपका होऊन उरते. पुढे तीही उजळते आणि फरक बुजतो.

म्हणून सगळा खेळ वेळेचा. ६० किलो वजनाला नेहमीच्या द्रावणाचं सुमारे १२ मिलिलिटर औषध इंजेक्टरने सेकंदाला २ मिलिलिटर या वेगाने जातं, मागोमाग सलाईन. दर वीस-तीस सेकंदांनी त्याच कापांचा नवा संच. शीर फुटून औषध बाहेर पसरलं, मशीन सुरू व्हायला उशीर झाला, पेशंटने आवंढा गिळताना डोकं हलवलं, की ती खिडकी बंद. खोगिराच्या खालीच हवेची पोकळी असते, तीही चित्र वाकडं करते. किडनी कमजोर असेल तर आधी सांगावं, क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट दाखवावा. एमआरआयमध्ये एक्स-रेचा किरणोत्सर्ग नसतो, ती भीती सोडा.

साध्या एक्स-रेवर मोठ्या गाठीने पसरवलेलं खोगीर दिसू शकतं, लहान गाठ कधीच नाही. सीटी स्कॅन हाडासाठी आणि गाठीत साठलेल्या चुन्यासाठी (कॅल्शियमसाठी). शस्त्रक्रिया नाकातून होते, तेव्हा सर्जनला तो लागतो. १० मिलिमीटरच्या वर गेलेली गाठ वर सरकून डोळ्यांच्या नसांच्या फुलीवर दाबू लागली, की दोन्ही बाजूंचं, कानाकडचं दिसणं कमी होतं. मोटारसायकलवर बाजूने येणारी गाडी उशिरा दिसते. तेव्हा दृष्टिक्षेत्राची तपासणी एमआरआयइतकीच गरजेची.

'होल बॉडी' पॅकेजच्या जाहिरातींचा मात्र राग येतो. दहातल्या एखाद्या धडधाकट माणसाच्या पीयूषिकेतही छोटा ठिपका सापडतो. हार्मोन नॉर्मल आणि त्रास काही नसेल, तर बहुतेकदा नुसती नजर ठेवतात.

उलट कुशिंगच्या आजारात, म्हणजे पीयूषिकेतल्या गाठीमुळे अंगात कॉर्टिसॉल हे हार्मोन फार वाढतं त्या आजारात, गाठ इतकी बारीक असते, की चांगला एमआरआयही पुष्कळदा कोरा येतो. तेव्हा दोन्ही जांघांतल्या शिरांतून बारीक नळ्या थेट पीयूषिकेचं रक्त उतरतं त्या शिरांपर्यंत नेतात आणि तिथल्या रक्तातलं एसीटीएच (कॉर्टिसॉल वाढवणारं पीयूषिकेचं हार्मोन) हातातल्या रक्ताशी ताडून पाहतात. ते दुप्पट किंवा जास्त, अथवा उत्तेजक इंजेक्शननंतर तिप्पट किंवा जास्त भरलं, तर गाठ दिसत नसली तरी ती तिथेच धरून चालतात.