सही येते, तरी अंगठा

नोव्हेंबर उजाडला की आमच्या घरात आत्याच्या अंगठ्याची चर्चा सुरू होते. आत्या ८२ वर्षांची. बडोद्याला दांडिया बाजारात राहते, मराठी शाळेतून निवृत्त झाली. पेन्शन चालू राहायची तर हयातीचा दाखला हवा. गेल्या खेपेला मीच तिला बँकेत घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलाने यंत्राची काच शर्टाच्या बाहीने पुसली. "बा, अंगूठो मूको." लाल दिवा. "जरा जोरथी दबावो." पुन्हा लाल. मग ओला रुमाल झाला. मग अंगठा केसांवरून फिरवून झाला. लालच.

"अरे, प्रौढवर्गात मी बायकांचा अंगठा सोडवला," आत्या मला म्हणाली, "आणि हे माझाच मागतायत!"

तिचा राग समजण्यासारखा आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. अशा गावात 'अंगठेबहाद्दर' ही शिवीच. आता सही येणाऱ्यालाही अंगठाच पुढे करावा लागतो.

केसांवरून अंगठा फिरवायचा तोडगा मात्र अडाणी नाही. प्रकाशावर चालणाऱ्या यंत्रात काचेला आतून उजेड दिलेला असतो. बोटावरचे उंचवटे जिथे काचेला चिकटतात तिथला उजेड परत फिरत नाही, ती जागा काळी दिसते. मधल्या खाचांत हवा असते, तिथे उजळ. कातडी कोरडी असली की उंचवटा नीट टेकतच नाही आणि रेघ तुटक उमटते. केसांचं तेल ती फट बुजवतं.

या रेघा आईच्या पोटातच, साधारण तिसऱ्या महिन्यापासून उमटू लागतात. २०२३ मध्ये एडिंबराच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्या एकदम सगळीकडे येत नाहीत. बोटाच्या उशीच्या मध्यावर, नखाजवळ आणि पेराच्या घडीपाशी त्या सुरू होतात आणि लाटांसारख्या एकमेकींकडे सरकतात. वाढीला चालना देणारी आणि तिला आवर घालणारी रसायनं यांच्या ओढाताणीतून असे पट्टे तयार होतात, हे गणित ॲलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञाने १९५२ सालीच मांडलं होतं. लाटा कुठे आणि कशा भेटतात त्यावर शंख होणार की चक्र, हे ठरतं. लहानपणी आपण बोटांवरची चक्रं मोजत बसायचो, ती हीच. यंत्राला मात्र शंख-चक्रात फारसा रस नसतो. कुठे रेघ संपली, कुठे तिला दोन फाटे फुटले, एवढ्याच खुणा ते टिपतं.

या नक्षीचं मूळ कातडीच्या खालच्या थरात असतं, म्हणून वरवर खरचटलं तरी तीच नक्षी परत येते. पण म्हातारपणी कातडी पातळ आणि कोरडी होते, उंचवटे बसतात, आडव्या सुरकुत्या रेघा कापत जातात. गवंड्याच्या बोटांवर सिमेंट हेच काम तरुणपणी करतं. आत्याने तर आयुष्यभर खडू धरला आणि भांडी घासली.

आता खरी गोम. यंत्र 'ही तीच' किंवा 'ही ती नव्हे' असं कधीच सांगत नाही. आधारसाठी दिलेला जुना ठसा आणि आजचा ठसा किती जुळतात, याचे ते गुण देतं. पास होण्याची रेषा माणूस आखतो. रेषा वर नेली तर तोतये गळतात, पण आत्यासारख्या खऱ्याही गळतात. खाली आणली तर उलटं. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणता येत नाहीत. समजा शंभरातल्या दोघांना यंत्राने परत पाठवलं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एक कोटी पेन्शनरांत ती २ लाख माणसं होतात. २०१६-१७ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालात अशी ओळख न पटण्याच्या प्रमाणाचे अंदाज दिले होते: गुजरात ६ टक्के, राजस्थान ३७, झारखंड ४९. बोटं सगळीकडे माणसांचीच. पण कामं वेगळी, यंत्रं वेगळी, नेटवर्क वेगळं.

आणि ही शंका घेण्याची रीत जुनीच आहे बरं का. बंगालमधल्या हुगळीत विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७७ मध्ये पेन्शनरांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, कारण मेलेल्या माणसाची पेन्शन दुसराच उचलेल अशी भीती. दीडशे वर्षं होत आली, नोव्हेंबरची रांग त्याच भीतीची आहे.

मानवी हक्कांचा प्रश्न मला इथे दिसतो. यंत्र चुकणारच. त्या चुकीचा भुर्दंड कोणी सोसायचा? २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी योजना बहुतांशी कायम ठेवली. वेगळं मत देणारे न्यायमूर्ती चंद्रचूड यांचं म्हणणं होतं की माणसाची प्रतिष्ठा आणि हक्क शक्यतांच्या गणितावर टांगून ठेवता येणार नाहीत. मला ते पटतं. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात २५ वं कलम म्हातारपणीच्या सुरक्षिततेचं आहे. पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणारा शब्द होता. तो बदलून 'सर्व माणसं' असं करायला लावणाऱ्या हंसाबेन मेहता पुढच्याच वर्षी बडोद्याच्या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. एका शब्दाने कोण बाहेर राहतं हे त्यांनी ओळखलं होतं. आता तेच काम गुणांची रेषा करते.

२०२१ पासून चेहऱ्यावरूनही हयातीचा दाखला मिळतो. सोय चांगली आहे, पण रेषा तिथेही असतेच.

कागदी दाखला अजून चालतो, हे मीच त्या मुलाला सांगितलं. त्याने खालच्या खणातून फॉर्म शोधून काढला, फुंकर मारली. आत्याने चष्मा लावून सगळा वाचला आणि ठसठशीत सही केली, खाली तारीख. मुलाने फॉर्म घेतला आणि सवयीने शाईचं पॅड पुढे सरकवलं. आत्याने त्याचं झाकण लावून ते परत केलं.