ऑलिम्पिक समितीच्या आधी तिरंदाजी: इंगर फ्रिथ यांची 16 वर्षे

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीवर पहिल्या दोन महिला आल्या त्या 1981 मध्ये. तोवर ब्रिटनच्या इंगर फ्रिथ तिरंदाजीच्या जागतिक महासंघाचं, म्हणजे ‘फिटा’चं (आताची ‘वर्ल्ड आर्चरी’) अध्यक्षपद 1961 ते 1977 असं 16 वर्षं सांभाळून मोकळ्याही झाल्या होत्या. फ्रान्सच्या अॅलिस मिलिया यांनी 1921 मध्येच महिलांचा क्रीडा महासंघ उभारला होता. पण पुरुषही खेळतात त्या खेळाची सूत्रं बाईकडे सोपवणं ही गोष्ट निराळी.

तिरंदाजीत हे तुलनेनं लवकर घडलं, त्यात मला फारसं नवल वाटत नाही. 1908 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये 25 महिला तिरंदाज उतरल्या होत्या. सगळ्या ब्रिटिश, हे खरं. पण सुवर्णपदक जिंकणाऱ्या क्वीनी न्यूअल तेव्हा 53 वर्षांच्या होत्या!

ऑलिम्पिकशी या खेळाचं नातं मात्र तुटक राहिलं. यजमान देश आपापल्या रिवाजाप्रमाणे स्पर्धा घ्यायचा. 1904 मध्ये सगळे तिरंदाज अमेरिकेचेच होते. 1920 मध्ये अँटवर्पला बेल्जियन पद्धतीनं खांबावरच्या नकली पक्ष्यांवर बाण सोडले गेले. देश आले तीन, महिला एकही नाही. त्यानंतर खेळ बाहेर पडला तो 52 वर्षांसाठी. 1931 मध्ये तेव्हाच्या पोलंडमधल्या ल्वूव शहरात ‘फिटा’ स्थापन झाली, जागतिक स्पर्धा सुरू झाल्या, हळूहळू अंतरं आणि बाणांची संख्या ठरली. ऑलिम्पिकचं दार तरी बंदच.

ते उघडलं फ्रिथ यांच्या कारकिर्दीत, 1972 ला म्युनिकमध्ये. श्रेय एकट्या त्यांचं नव्हे, पण महासंघातर्फे समितीसमोर उभ्या होत्या त्या, आणि समोर सगळे पुरुष. इस्रायली खेळाडूंच्या हत्येनंतरची शोकसभा 6 सप्टेंबरला झाली. 7 ला तिरंदाजी सुरू झाली. पुरुषांना 90, 70, 50 आणि 30 मीटर, महिलांना 70, 60, 50 आणि 30. प्रत्येक अंतरावर 36 बाण, आणि हे सगळं दोनदा: चार दिवसांत 288 बाण. समोरासमोरच्या लढती नाहीत, नुसती गुणांची बेरीज. बघणाऱ्यांचा कस लागत असणार. अमेरिकेचे जॉन विल्यम्स 2528 आणि डोरीन विल्बर 2424 गुणांनी जिंकले.

पुढच्याच वर्षी भारतात राष्ट्रीय तिरंदाजी संघटना स्थापन झाली; आपले तिरंदाज ऑलिम्पिकला पोहोचले 1988 मध्ये, सोलला. 1977 मध्ये फ्रिथ यांच्या जागी इटलीचे फ्रान्चेस्को न्येक्की-रुस्कोने आले. त्यांच्यानंतर 2025 पर्यंत झालेले दोन्ही अध्यक्ष, अमेरिकेचे जिम ईस्टन आणि तुर्कस्तानचे उगुर एर्डेनर, हेही पुरुषच.