भूल दिल्यावर बीपी कोण बघतं?

ऑपरेशन टेबलवर झोपवलं की दंडाला पट्टा गुंडाळतात. पुढे तासन्‌तास तो आपला आपला फुगतो, सुटतो, परत फुगतो, आणि गंमत म्हणजे तिथे कानात स्टेथोस्कोप घालून कोणीच बसलेलं नसतं.

मग मशीनला कळतं कसं? पट्टा फुगून धमनी पूर्ण दाबली जाते, मग हवा थोडीथोडी सोडली जाते आणि नाडीचा प्रत्येक ठोका पट्ट्यातल्या हवेला बारीकसा धक्का देतो. हे धक्के आधी वाढत जातात, मग विरतात. सगळ्यात मोठा धक्का ज्या प्रेशरला बसतो ते साधारण मीन, म्हणजे सरासरी प्रेशर, आणि मशीन खरं तर एवढंच मोजतं! वरचं आणि खालचं बीपी, जे आपण सगळे विचारतो, ते हिशोबाने काढलेलं असतं, आणि तो फॉर्म्युला प्रत्येक कंपनीचा वेगळा, वर गुपित. म्हणून भूलतज्ज्ञांची नजर मॉनिटरवर कंसातल्या तिसऱ्या आकड्यावर, म्हणजे या मीन प्रेशरवर जास्त असते. तो 65 च्या खाली बराच वेळ राहिला तर किडनी आणि हृदयाचा धोका वाढतो.

आणि खाली तो जातोच. प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाने रक्तवाहिन्या सैलावतात, सर्जनने अजून चीर दिलेली नसते, त्यामुळे बीपी वर ढकलणारं काहीच नसतं. बीपी किमान दर 5 मिनिटांनी घ्यायचं असा दंडक आहे, पण अशा वेळी 5 मिनिटं फार झाली, म्हणून तेव्हा दर एक-दोन मिनिटांनी घेतात. तरी मधल्या वेळात काय झालं ते पट्ट्याला माहीतच नसतं.

ही फट बुजवायला बोटाचा पट्टा आहे, 1973 साली चेक शास्त्रज्ञ यान पेन्याझ यांनी मांडलेल्या कल्पनेवरचा. बोटातलं रक्त किती ते प्रकाशाने बघायचं आणि पट्ट्याचा दाब क्षणाक्षणाला असा बदलायचा की धमनी फुगूच नये, जेवढा दाब लावावा लागला तेवढं आतलं प्रेशर. भारी आहे, पण बोटं गार पडली की गंडतं. मोठ्या ऑपरेशनला शेवटी प्रेशर थेट मोजायला धमनीत सुई घालतातच.

दंडाच्या पट्ट्याच्या तक्रारी मात्र अगदी साध्या असतात. लहान पट्टा लावला की बीपी उगाच जास्त दिसतं. ऑक्सिजनचा क्लिप त्याच हाताला असेल तर पट्टा फुगला की ऑक्सिजनची रेघ सपाट आणि अलार्म सुरू. आणि कधी पट्टा तिसऱ्यांदा फुगतो, आकडा काही येत नाही, सगळे मॉनिटरकडे बघत बसतात, आणि मग कोणाच्या तरी लक्षात येतं की सर्जन पेशंटच्या दंडाला टेकून उभे आहेत.