होमिली आणि सर्मन

ख्रिस्ती उपासनेत धर्मगुरू जे बोलतात त्याला मराठीत सरसकट 'प्रवचन' म्हणतात. चर्चच्या परंपरेत मात्र त्याचे दोन प्रकार आहेत. मिस्सात, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, नुकत्याच झालेल्या बायबलच्या वाचनांचा उलगडा करते ती होमिली. एखादा विषय हाती घेऊन शास्त्रवचनांच्या आधारे त्याची मांडणी करते ते सर्मन. होमिलीचा विषय बोलणारा निवडत नाही. त्या दिवशीची वाचनेच तो विषय त्याच्या पदरात टाकतात. खरा फरक हाच. लांबीवरून किंवा बोलण्याच्या ढंगावरून तो ओळखू जाल तर फसाल.

मुळात दोन्ही शब्द बोलाचालीतले आहेत. ग्रीक 'होमिलिया' आणि लॅटिन 'सेर्मो' या दोहोंचा अर्थ संभाषण. अम्माऊस गावाच्या वाटेवर येशूचे दोन शिष्य आपसांत बोलत चालले होते, तिथे शुभवर्तमानकार लूकने 'होमिलिया'शी नाते असलेलेच क्रियापद वापरले आहे.

होमिलीची घडण पाहायची तर लूकच्याच शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडावा. नासरेथच्या सभास्थानात येशू उभा राहून यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या गुंडाळीतला उतारा वाचतो, गुंडाळी मिटून सेवकाच्या हाती देतो, खाली बसतो. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर खिळलेले असतात, आणि मग तो त्या उताऱ्यावरच बोलू लागतो. इ. स. 155 च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने केलेल्या रविवारच्या उपासनेच्या वर्णनातही आधी वाचन, मग उपदेश असाच क्रम आहे.

सीमारेषा पक्की मात्र कधीच नव्हती. 387 मध्ये रोमन साम्राज्यातल्या अंत्युखिया शहरात करावरून दंगल उसळली, सम्राटाचे पुतळे पाडले गेले आणि आता कोणती शिक्षा होणार या धास्तीने शहर गारठले. ईस्टरपूर्वीच्या त्या उपवासकाळात तिथला धर्मगुरू योहान क्रिसोस्तोमने लोकांना धीर देत केलेली 21 प्रवचने होमिली म्हणूनच ओळखली जातात, जरी त्यांना विषय पुरवला तो शहरावरच्या संकटाने. उलट, इंग्लंडमध्ये 1547 साली चर्चमधून वाचून दाखवण्यासाठी छापलेल्या अधिकृत 'होमिली' म्हणजे तत्त्वसिद्धान्तांवरची तयार सर्मनेच होती.

मध्ययुगात डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन संन्याशांनी मिस्साबाहेर, चौकाचौकांत सर्मन गाजवले. प्रॉटेस्टंट पंथांत तर ते उपासनेचा कणा झाले. कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, 1963 मध्ये होमिली हा उपासनेचाच भाग असल्याचे ठामपणे सांगितले. 1983 च्या धर्मसंहितेनुसार, म्हणजे चर्चच्या कायद्यानुसार, ती फक्त बिशप, धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) देऊ शकतो. रविवारी आणि बंधनकारक सणांना लोकांसह होणाऱ्या मिस्सात गंभीर कारणाशिवाय ती गाळता येत नाही. इतर प्रकारचे प्रवचन मात्र परवानगीने सामान्य भाविकही चर्चमध्ये करू शकतात. होमिली आटोपशीर असावी, तिला भाषणाचे किंवा व्याख्यानाचे रूप येऊ नये, असे पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये लिहिले.

मराठीत हा भेद दाखवणारे शब्द रुळलेले नाहीत, ही उणीवच आहे. वारकरी कीर्तनकार एक अभंग घेऊन त्याचे चरण उलगडत जातो त्याला आपण 'निरूपण' म्हणतो. होमिलीच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द तोच.