आयपी मल्टिकास्ट राउटिंग : स्विचवरील ऐच्छिक सुविधा

एका ठिकाणाहून निघालेला डेटा मागणी करणाऱ्या अनेक यंत्रांना पोहोचवणे आणि त्याच्या प्रती वाटा फुटतात तिथेच काढणे, या पद्धतीला आयपी मल्टिकास्ट म्हणतात. तिचा पाया स्टीव्ह डीअरिंग यांनी घातला. १९८९ सालचा आरएफसी (इंटरनेटच्या मानकांचा क्रमांकित दस्तऐवज) १११२ हा तिचा मूळ दस्तऐवज. २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ हे पत्ते मल्टिकास्ट ग्रुपसाठी, म्हणजे एकच प्रवाह मागणाऱ्या यंत्रांच्या गटांसाठी, राखलेले आहेत.

सोलापूरकरांना हे गड्डा यात्रेच्या उदाहरणाने चटकन कळेल. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर मंदिर परिसरातल्या सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो आणि सात नंदीध्वजांच्या दर्शनाला गर्दी लोटते. समजा, तिथल्या एका कॅमेऱ्याचे ४ एमबीपीएसचे चित्र ५० पडद्यांवर दाखवायचे आहे. प्रत्येक पडद्याला वेगळा प्रवाह पाठवला तर कॅमेऱ्याकडून २०० एमबीपीएस निघावे लागतील. मल्टिकास्टमध्ये ४ पुरतात.

सिस्कोसारख्या कंपन्यांच्या लेअर ३ स्विचवर (राउटिंगही करू शकणाऱ्या स्विचवर) मल्टिकास्ट राउटिंग मुळात बंद असते. ते आधी चालू करावे लागते, मग प्रत्येक इंटरफेसवर (स्विचच्या जोडणीवर) पिम हा मल्टिकास्टचे मार्ग ठरवणारा प्रोटोकॉल. एवढ्यावर चित्र दिसू लागते आणि बरेच जण तिथेच थांबतात. ऐच्छिक म्हटल्या जाणाऱ्या सुविधा त्यापुढच्या आहेत. त्यांतल्या निदान दोन ऐच्छिक मानू नयेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पहिली क्वेरियर, म्हणजे विचारणा करणारा. यंत्रे ग्रुपचे सदस्यत्व आयजीएमपी या प्रोटोकॉलने कळवतात. आयजीएमपी स्नूपिंग म्हणजे स्विचने यंत्रांचे सदस्यत्व-संदेश ऐकून, मागणी आहे त्याच पोर्टवर प्रवाह सोडणे. पण हे संदेश ताजे राहावेत म्हणून कोणीतरी अधूनमधून ‘अजून कोण आहे?’ असे विचारत राहावे लागते. हे काम सहसा राउटर करतो. ज्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर आखलेल्या स्वतंत्र उपनेटवर्कमध्ये) राउटर नाही तिथे स्विचलाच क्वेरियर करावे लागते. ते राहून गेले की चित्र सुरुवातीला उत्तम चालते आणि काही मिनिटांत अचानक गोठते. प्रमाणित मूल्यांनुसार विचारणा दर १२५ सेकंदांनी होते आणि उत्तर न आल्यास सदस्यत्व २६० सेकंदांनी संपते. दोष वेळेत दडलेला असल्याने कॅमेरा बदलला जातो, केबल बदलली जाते, आणि पुन्हा तेच. एका व्हीलॅनमध्ये दोन क्वेरियर असतील तर लहान आयपी पत्त्याचा टिकतो.

दुसरी सुविधा सीमा, म्हणजे मल्टिकास्ट बाउंडरी. २३९ ने सुरू होणारे पत्ते संस्थेच्या आत वापरण्यासाठी आहेत. १९९८ सालच्या आरएफसी २३६५ मध्ये तशी व्यवस्था आहे. मात्र ‘आत’ कुठे संपते हे स्विचला कळत नाही. बाहेर जाणाऱ्या इंटरफेसवर अॅक्सेस लिस्ट, म्हणजे परवानगी-मनाईच्या नियमांची यादी, लावून ते सांगावे लागते. सोलापूर विद्यापीठासारख्या मोठ्या आवारात वर्गातले प्रक्षेपण आणि सुरक्षा कॅमेरे यांच्या हद्दी अशाच वेगळ्या ठेवता येतात. पूर्वी हे काम टीटीएलच्या (प्रत्येक राउटरगणिक एकने घटणाऱ्या पॅकेटमधल्या आकड्याच्या) मर्यादेने होई: पॅकेटचा टीटीएल ठरलेल्या आकड्याहून कमी असेल तर ते तिथेच अडवायचे. त्यात मोठी उणीव होती. सीमेवर पॅकेट टाकून दिले तरी ‘इकडे पाठवू नका’ असा निरोप मागे जात नसे, त्यामुळे प्रवाह सीमेपर्यंत उगाच वाहत राही.

ग्रुपचा पत्ता निवडतानाही एक खाच आहे. मल्टिकास्ट पत्त्यात बदलणारे २८ बिट असतात, पण इथरनेटच्या मॅक पत्त्यात (हार्डवेअर पातळीवरच्या पत्त्यात) त्यांतले २३ च मावतात. म्हणून ३२ आयपी ग्रुप एकाच मॅकवर येतात. २३९.०.०.५ हा कॅमेऱ्याला दिला तर त्याचा मॅक ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलच्या २२४.०.०.५ शी जुळतो, आणि तसले राखीव पत्ते स्विच सर्व पोर्टवर सोडतात. सगळी मेहनत वाया. म्हणून २३९.०.०.० आणि २३९.१२८.०.० यांच्या आसपासचे पत्ते टाळावेत.

बाकीच्या सुविधा गरजेनुसार. ग्रुप सोडताच पोर्ट बंद करणारा ‘इमिजिएट लीव्ह’ एका पोर्टवर एकच यंत्र असेल तरच लावावा. नाहीतर शेजाऱ्याचेही चित्र जाते. स्टॅटिक ग्रुपमध्ये स्विच प्रवाह नुसता पुढे सोडतो. जॉइन ग्रुपमध्ये मात्र तो स्वतः सदस्य होतो, पॅकेट त्याच्या प्रोसेसरकडे येतात आणि भार वाढतो. चाचणीपुरते पिंग करायला दुसरा उपयोगी, कायमचा ठेवू नये. कोणत्या इंटरफेसवरच्या यंत्रांनी कोणत्या ग्रुपमध्ये शिरावे हेही अॅक्सेस लिस्टने ठरवता येते. सत्रांच्या जाहिराती ऐकणारा एसडीआर आणि ग्रुपचे सदस्यत्व स्विचला कळवणारा सिस्कोचा सीजीएमपी जुन्या स्विचच्या मार्गदर्शिकांत भेटतात. नव्या नेटवर्कमध्ये त्यांची गरज क्वचितच पडते.