शिक्षकांचे समाजमाध्यम-गट (महाराष्ट्र)

व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, फेसबुक, यूट्यूब अशा माध्यमांवर शिक्षकांनी स्वतःच्या कामासाठी उभारलेली देवाणघेवाण. तिला दोन बाजू आहेत : मुलांपर्यंत आणि पालकांपर्यंत पोचणे ही एक, शिक्षकांनी एकमेकांकडून शिकणे ही दुसरी. गाजावाजा पहिलीचा अधिक झाला. टिकाऊ काम मात्र दुसरीत झालेले दिसते.

अमेरिकेत २००९ मध्ये ट्विटरवर ‘एडचॅट’ या हॅशटॅगखाली शिक्षकांची साप्ताहिक चर्चा सुरू झाली. ती जाहीर होती आणि बहुतेक जण एकमेकांना अनोळखी होते. महाराष्ट्रात घडले ते वेगळे. इथे व्हॉट्सअ‍ॅप जिल्हा परिषद शाळांच्या जुन्याच उतरंडीवर चढले : शाळा, केंद्र (आसपासच्या काही शाळांचा समूह), बीट (अशा काही केंद्रांचा पट्टा), तालुका, जिल्हा, आणि प्रत्येक पायरीचा एक ग्रुप. शेजारी उतरंडीबाहेरचे, हौसेने जमलेले गटही उभे राहिले. ‘अ‍ॅक्टिव्ह टीचर्स महाराष्ट्र’ ऊर्फ ‘एटीएम’ हा त्यांतला सुपरिचित समूह. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपात २०१६ च्या सुरुवातीपर्यंत १०० च माणसे मावत. मग २५६ आणि २०२२ मध्ये १,०२४ झाली. मोठ्या गटांच्या नावापुढे १, २, ३ असे आकडे लागू लागले ते या मर्यादेपायी.

जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला आणि या गटांना खाद्य मिळाले. मुलांनी स्वतः करून शिकण्याच्या पद्धतीसाठी नावाजलेले सातारा जिल्ह्यातील कुमठे बीट पाहायला राज्यभरातून शिक्षक जात. ज्यांना जाता आले नाही त्यांच्यापर्यंत तिथल्या फरशीवर रंगवलेल्या तळफळ्यांचे फोटो पोचले. अर्थात फोटोतून तळफळा दिसतो, त्याच्याभोवती मुले काय करतात ते दिसत नाही. त्यामुळे रंग पुष्कळ ठिकाणी लागला, पद्धत सगळीकडे पोचलीच असे नाही.

गटात शिकणे कसे होते, याचा एक साधा नमुना. दुसरीच्या वर्गातली वही : ४२ − १७ = ३५. बाई वहीच्या पानाचा फोटो टाकतात आणि विचारतात, ‘अर्धा वर्ग असंच करतोय, काय करू?’ पहिले उत्तर ठरलेले असते, सराव वाढवा. मग कोणीतरी नीट बघून लिहितो, ‘सर्वच मुलं मोठ्या अंकातून लहान अंक काढतायत. ७ मधून २, ४ मधून १. हातचा विसरलेला नाही, तो त्यांना माहीतच नाही.’ तिसरा आइस्क्रीमच्या काड्यांचे रबर लावलेले गठ्ठे पाठवतो : ‘दशकाचा एक गठ्ठा मुलाच्या हातानेच सोडवून घ्या. फळ्यावर नंतर.’ वर्षाकाठी होणाऱ्या प्रशिक्षणात इतका नेमका प्रश्न क्वचितच निघतो, कारण तिथे वही हाताशी नसते. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये मांडलेला ‘सरावसमुदाय’ हा विचार इथे लागू पडतो : नवखा माणूस आधी कडेला बसून पाहतो आणि हळूहळू कामात शिरतो. एकही संदेश न लिहिता रोज वाचणारे सभासद म्हणूनच बिनकामाचे मानू नयेत. मेळघाटात नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला कोरकू या तिथल्या आदिवासी भाषेतले ‘इकडे ये’ कसे म्हणायचे हे जुन्या सहकाऱ्याच्या आवाजातल्या संदेशावरून कळते. शब्दयादीत उच्चार नसतो.

वर्गासाठीच्या वापरात ठळक उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांचे. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणि स्काइपवरून परदेशातील वर्गांशी भेटी या कामांसाठी ते ओळखले जातात. २०२० मध्ये त्यांना १० लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर ९ शिक्षकांना वाटली. ते स्काइप मे २०२५ मध्ये बंद झाले. परक्याच्या जागेत शाळा भरवली की जागामालक कधी टाळे लावील याचा नेम नसतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला चालवली. रोजचा अभ्यास या ग्रुपांच्या साखळीतूनच खाली उतरे. मात्र अभ्यास पाठवणे वेगळे आणि पोचणे वेगळे. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची स्थिती तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीनुसार देशातील ग्रामीण शाळकरी मुलांपैकी घरी स्मार्टफोन असलेली २०१८ मध्ये ३६.५ टक्के होती, ती २०२० मध्ये ६१.८ टक्के झाली. तरी २०२१ मध्ये, घरात फोन असूनही, २६.१ टक्के मुलांच्या हाती तो येत नव्हता. फोन वडिलांच्या खिशात आणि वडील कामावर, हे त्यामागचे साधे गणित.

कायद्याची चौकटही आहे. या माध्यमांवर खाते उघडायला साधारणपणे १३ वर्षे पूर्ण लागतात, म्हणजे प्राथमिक शाळेत ग्रुप पालकांचाच असायला हवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती सांगितली आहे. मुलांचे चेहरे आणि गुणपत्रके सर्रास ग्रुपवर टाकण्याची सवय या तरतुदीशी जुळणारी नाही. शिक्षकांच्या स्वतःच्या लिहिण्यावरही बंधन आहे. जुलै २०२५ मधील राज्य शासनाच्या सूचना वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवायला सांगतात आणि शासकीय धोरणांवर समाजमाध्यमात टीका करण्यास मनाई करतात.

गट बिघडतात ते बहुधा वरून. ‘सोबतची लिंक आज ५ वाजेपर्यंत भरावी, अतितातडीचे’ हा मजकूर येऊ लागला की शिकण्याचा कट्टा टपालपेटी होतो. त्यामागोमाग उपक्रमाचा फोटो पुरावा म्हणून मागितला जातो आणि उपक्रम फोटोपुरता उरतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये तर विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून ‘सरल’ या राज्याच्या ऑनलाइन शाळा-विद्यार्थी माहिती प्रणालीत चढवण्याचा आदेश निघाला होता. शिक्षकांनी त्याला कडाडून विरोध केला. सप्टेंबर २०२४ मधील आंदोलनात प्रशासकीय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांतून बाहेर पडणे हेच शिक्षक संघटनांनी एक हत्यार केले. टपालपेटीला कुलूप लावण्याचाच हा प्रकार.

उरतो प्रश्न साठवणीचा. रात्री रंगलेली वजाबाकीची चर्चा सकाळी सुप्रभात आणि वाढदिवसांच्या ढिगाखाली जाते. फोन बदलला की उरलेसुरलेही जाते. काही गट निवडक साहित्य विषयवार लावून टेलिग्राम चॅनेलवर ठेवतात. याहून जुना उपाय म्हणजे एखाद्याने ते वहीत उतरवून ठेवायचे आणि महिन्याच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत काड्यांच्या गठ्ठ्यासकट मांडायचे.