घरी कॉफी भाजायची रीत कुठून आली आणि मध्येच कुठे गेली

हल्ली पणजी-पर्वरीकडे, फोंड्यात पण, घरीच कॉफीच्या बिया भाजणारी मंडळी दिसायला लागलीत आणि बऱ्याच जणांना ते परदेशातनं आलेलं नवीन खूळ वाटतं. मला ही समजूत खरंच खटकते. कॉफीचा जो पाचेकशे वर्षांचा इतिहास आहे त्यातला बहुतेक काळ लोक कच्च्याच बिया विकत घ्यायचे आणि भाजायचं काम घरच्या चुलीवरच व्हायचं, पाकिटातली तयार पावडर ही फार मागाहून आलेली गोष्ट.

इथिओपियात आजही पाहुणा आला की घरातली बाई त्याच्यासमोरच तव्यावर हिरव्या बिया भाजते, तो सुवासिक धूर सगळ्यांपुढे फिरवते, मग बिया कुटून मातीच्या सुरईत उकळते आणि तीन वेळा वाढते. पंधराव्या शतकात येमेनमधले सुफी रात्रभर जागून जिक्र, म्हणजे ईश्वराचं नामस्मरण, करता यावा म्हणून कॉफी प्यायला लागले, पुढे तिथल्या मोखा बंदरातून ती जगभर गेली. आपल्याकडे सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी हजहून येताना सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या असं सांगतात, तो डोंगर आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो, आणि गोव्यातून घाट चढून निघालं तर एका दिवसात तिथे पोचता येतं.

लोक घरी भाजायचे ते हौसेखातर नव्हे. कच्ची बी कोरड्या जागी महिनोन्महिने राहते, पण भाजली की काही आठवड्यांतच तिचा वास उडतो, त्यामुळे दुकानदार कच्चीच ठेवायचे. अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याला दर शंभर शिध्यांमागे १० पौंड कच्ची किंवा ८ पौंड भाजलेली कॉफी द्यायचे, म्हणजे भाजताना पाचवा हिस्सा वजन जातं हे सरकारी हिशोबातच धरलेलं होतं (आजही कडईत भाजून वजन केलं तर साधारण १५ ते २० टक्के घट येते). कच्ची मिळाली की शिपाई छावणीत शेकोटीवरच भाजायचे.

मग १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जेबेझ बर्न्सने भाजून झालेला माल आपोआप बाहेर टाकणाऱ्या मशीनचं पेटंट घेतलं आणि पुढच्याच वर्षी पिट्सबर्गच्या जॉन आर्बकलने भाजलेली कॉफी एकेक पौंडाच्या कागदी पिशवीत भरून विकायला काढली, वास टिकावा म्हणून बियांवर अंडं आणि साखरेचा लेप देऊन. इस्तंबूलमध्ये भाजून-दळलेली तयार कॉफी विकायचं काम १८७१ मध्ये कुरुकाहवेजी मेहमेत एफेंदी यांनी केलं, तोवर तिथेही लोक कच्च्या बिया नेऊन घरीच भाजून दळायचे. १९०० मध्ये हवाबंद डबे आले, १९३८ मध्ये नेसकॅफे आलं, आणि कॉफी मुळात हिरवी असते हेच शहरातली माणसं विसरली. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान हेच झालं.

दक्षिणेत, म्हणजे म्हैसूर-तामिळनाडूकडे ही रीत बराच काळ टिकली. कोळशाच्या शेगडीवर हाताने फिरवायचं पत्र्याचं डबडं, मग हातानेच दळण. पुढे गल्लोगल्ली भाजून-दळून देणारी दुकानं झाली आणि घरातलं ते डबडं माळ्यावर गेलं. आमच्या गोव्याची गोष्ट वेगळी, इथे चहाच जास्त, पणजीतल्या जुन्या कॅफेंत पण टेबलावर भाजी-पाव आणि सोबत चहाच दिसणार. मराठी घरांत कॉफी म्हणजे पाहुण्यासाठी नाहीतर उपासाला, दुधातली, जायफळ घातलेली. त्यामुळे इथे घरी भाजायची जुनी सवय शोधत बसण्यात अर्थ नाही, ती आत्ता नव्याने लागतेय.

आणि ती लागू शकते त्यामागे एक सरकारी निर्णय आहे, ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. १९४२ च्या कॉफी कायद्याने मळेवाल्यांना आपला माल कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यावा लागायचा, लिलाव बोर्ड करायचं, स्वतःच्या मळ्याच्या नावाने हव्या त्या गिऱ्हाइकाला विकायची मुभा नव्हती. गोवा १९६१ मध्ये मुक्त होऊन भारतात आला तेव्हा हीच व्यवस्था होती. १९९२ पासून ती टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९९६ मध्ये पूर्ण मोकळीक मिळाली. त्यानंतरच मळ्यांची नावं गिऱ्हाइकाला कळायला लागली, आणि आज कूर्ग-चिकमगळूरच्या कच्च्या बिया किलो-अर्धा किलोत घरपोच मागवता येतात. अमेरिकेत तर त्याच्या आधीपासूनच हवेच्या झोतावर बी भाजायची युक्ती, पॉपकॉर्नच्या मशीनमध्ये भाजायचे प्रयोग, असं करत घरी कॉफी भाजणं परत रुजत होतं.

आपल्या किनाऱ्याचं यात स्वतःचं असं काही असेल तर ते पावसाळी कॉफी, मान्सून्ड मलबार. पूर्वी शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा घालून माल युरोपला जायचा, त्या महिनोन्महिन्यांच्या दमट प्रवासात बिया फुगून पिवळसर व्हायच्या आणि त्यांचा आंबटपणा जायचा. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाल्यावर प्रवास आखडला, बिया हिरव्याच पोचायला लागल्या, पण तिकडच्या लोकांना जुनीच चव हवी होती, म्हणून मंगळूरकडे पावसाळ्यात उघड्या बाजूंच्या गोदामांत बिया पसरून मुद्दाम ती हवा खाऊ घालायला लागले.

गोव्यात भाजणाऱ्याने हे लक्षात ठेवायलाच हवं, कारण तीच हवा आपल्या स्वयंपाकघरात पण असते. साध्या कच्च्या बीत १० ते १२ टक्के ओलावा असतो, जुलैत डबा सैल राहिला तर तो वाढतो आणि बुरशी धरते. अरेबिका जातीच्या कॉफीची तोड साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, वाळवून-सोलून उन्हाळ्यापर्यंत माल तयार होतो, म्हणजे मे महिन्यात पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, सुक्या मिरच्या-सोलं भरतो तेव्हाच नव्या बिया घेऊन घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवायच्या आणि पावसात लागतील तशा थोड्या थोड्या भाजायच्या.